स्थापत्य रोबोटिक्समधील ‘तळातून वर’ रचनेचे गटउपक्रम : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील वर्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला, तेव्हापासून ‘कृतीतून शिक्षण’ आणि ‘गटकार्य’ हे शब्द अध्यापकांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहेत. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत मोटारी, संवेदक आणि जोडसंच पोहोचू लागले. ही मुले आता महाविद्यालयात येत आहेत. इमारत आणि यंत्रमानव यांचा एकत्रित विचार करणारे स्थापत्य रोबोटिक्स हे क्षेत्रही त्यांच्यासमोर येऊ लागले आहे. इमारत बांधणारी यंत्रे आणि स्वतः हलणारी, परिस्थितीनुसार बदलणारी इमारत असे या क्षेत्राचे दोन भाग मानता येतात. कीथ एव्हन ग्रीन यांचा याच नावाचा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हे नाव अधिक रूढ झाले.

या क्षेत्रात ‘तळातून वर’ रचना हा शब्दप्रयोग वारंवार येतो. अनेक लहान घटक, प्रत्येकाला फक्त शेजारचे दिसते, प्रत्येकाजवळ दोन-चार साधे नियम आणि त्यातून उभी राहणारी मोठी रचना, असा त्याचा अर्थ. हे शिकवण्यासाठी गटउपक्रम सुचवले जातात. विद्यार्थ्यांनी स्वतःच यंत्रमानव व्हावे, नियम पाळावेत आणि काय घडते ते पाहावे, अशी त्यांची साधारण पद्धत असते. हे उपक्रम स्वस्त आहेत, रंजक आहेत आणि मोठ्या वर्गातही चालतात. मात्र त्यांतून विद्यार्थी नेमके काय शिकतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील बहुभाषिक वर्ग समोर ठेवून हाच प्रश्न येथे तपासला आहे.

संकल्पनेतील गोंधळ

या विषयाच्या अध्यापनात वारूळ हे हमखास येणारे उदाहरण आहे. औराद किंवा आळंद तालुक्यातील विद्यार्थ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. शेताच्या बांधावरचे वारूळ त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. वाळवीमध्ये मुकादम नसतो, नकाशा नसतो. एका वाळवीने ठेवलेला मातीचा कण हाच दुसरीला पुढचा कण कोठे ठेवायचा याचा इशारा ठरतो, अशी मांडणी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये केली. काम करणारे एकमेकांशी बोलत नाहीत. झालेले कामच पुढच्या कामाशी बोलते, असे तिचे सार सांगता येईल.

वारुळानंतर लगेच आधुनिक यंत्रमानवांची उदाहरणे दिली जातात. गोंधळ येथे सुरू होतो. २०११ च्या डिसेंबरात फ्रान्समधील ओर्लेआँ येथे ग्रामाझिओ व कोलर हे वास्तुविशारद आणि राफाएल्लो द’आंद्रेआ यांनी उडत्या यंत्रमानवांकडून १,५०० हलक्या विटांचा सुमारे सहा मीटर उंचीचा मनोरा रचून दाखवला. पाहणाऱ्याला तो मधमाश्यांचा थवा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक वीट कोठे जाणार हे आधीच ठरलेले होते आणि प्रत्येक यंत्राचे उड्डाण संगणक बाहेरून नियंत्रित करत होता. हात अनेक असले तरी डोके एकच होते.

२०१४ च्या फेब्रुवारीत हार्वर्ड विद्यापीठातील वेर्फेल, पीटरसन आणि नागपाल यांनी ‘टर्मीस’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील चाकांचे छोटे यंत्रमानव स्वतः रचलेल्या विटांवर चढतात, पुढची वीट ठेवतात आणि फक्त जवळपासची स्थिती ओळखतात. एखादा बंद पडला तरी इतरांचे काम अडत नाही. हा प्रयोग वारुळाच्या खूप जवळ जातो. तरीही एक फरक राहतो. कोणती इमारत हवी याचे चित्र माणूस देतो; त्या चित्रावरून वाहतुकीचे नियम आधी तयार केले जातात आणि मग ते यंत्रांना मिळतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुढे आलेल्या १,०२४ लहान ‘किलोबॉट’ यंत्रांच्या प्रयोगातही हव्या त्या आकाराचे चित्र प्रत्येक यंत्राजवळ दिलेले होते.

म्हणजे येथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात योजना आणि नियंत्रण दोन्ही वर असतात, जसे ओर्लेआँच्या मनोऱ्यात. दुसऱ्या प्रकारात योजना वर असते, पण अंमलबजावणी स्थानिक नियमांनी तळात होते, जसे ‘टर्मीस’मध्ये. तिसऱ्या प्रकारात योजना कोठेच नसते, जसे वारुळात. अध्यापन साहित्यात या तिन्हींना ‘थवा’ या एकाच पिशवीत भरले जाते. विद्यार्थी मग ‘पुष्कळ यंत्रे म्हणजे तळातून वर’ असे सोपे समीकरण बांधतो, आणि ते चुकीचे आहे. कोणताही उपक्रम घेण्यापूर्वी अध्यापकाने एकच प्रश्न विचारावा : अंतिम रचनेचे चित्र कोणाजवळ आहे?

वारशाचा दाखला आणि त्याची मर्यादा

स्थानिक उदाहरणे देण्याचा आग्रह योग्यच आहे. ‘आपल्या पूर्वजांनी हे सर्व आधीच केले होते’ असे म्हणण्याचा मोहही त्याच वाटेने येतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

कलबुर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद (१३६७) हे याचे चांगले उदाहरण. या मशिदीला मोकळे अंगण नाही. संपूर्ण वास्तू छताखाली आहे. खांब, कमानी आणि वर लहान घुमट असा एक घटक पुन्हा पुन्हा जोडत जाऊन तिचा बराचसा विस्तार झाला आहे. विद्यार्थ्याला येथे ‘घटक आणि पुनरावृत्ती’ डोळ्यांनी दिसते. मात्र चार कोपऱ्यांवर मोठे घुमट आहेत आणि पश्चिमेला मेहराबीसमोर सर्वांत मोठा. पुनरावृत्तीचा नियम कोठे मोडायचा हे ज्याला ठाऊक होते, त्याच्याजवळ संपूर्ण इमारतीचे चित्र होते. शिलालेखात कझवीनच्या रफी या रचनाकाराचे नाव आहे. ही वास्तू घटकांची आहे, पण तळातून वर घडलेली नाही.

बीदरजवळच्या नौबादच्या करेजमध्ये, म्हणजे भुयारी जलवाहिनीत, दुसरी मर्यादा दिसते. वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखे उभे खड्डे आणि तळात ते जोडणारा बोगदा, अशी तिची रचना आहे. दोन खड्ड्यांमधले खोदकाम स्थानिक असते. पाणी मात्र आपोआप वाहायचे असेल तर तळाचा उतार पहिल्यापासून शेवटापर्यंत साधला पाहिजे. उतार हा कोणत्याही एका तुकड्याचा गुण नाही. तो संपूर्ण वाहिनीचा आहे. त्याचे मोजमाप खोदण्याआधीच कोणाला तरी करावे लागते.

बिदरी कलाकाम या दोन्हींपेक्षा जवळचे आहे. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतकाम, घासकाम, नक्षी कोरणे, चांदी बसवणे आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागराच्या द्रावणाने काळा रंग आणणे, हे टप्पे अनेकदा वेगवेगळ्या हातांतून जातात. कोरण्याआधी भांड्याला मोरचुदाने तात्पुरता काळेपणा दिला जातो, म्हणजे नक्षीची रेघ स्पष्ट दिसते. हातात आलेले भांडे कोणत्या अवस्थेत आहे यावरून पुढच्या कारागिराला आपले काम कळते. काम कामाशी बोलते, हे येथे खरे आहे. नक्षीचे चित्र मात्र नक्षीकाराच्या डोक्यात असते.

मग निव्वळ शेजारधर्माच्या नियमांतून वास्तुरचना घडते काय? घडते, आणि त्याचा उत्तम अभ्यास बेसिम हकीम यांनी ट्युनिस शहराच्या जुन्या भागाविषयी केला आहे. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. मालिकी फिकहमधील शेजाऱ्यांविषयीच्या नियमांनी त्या शहराच्या गल्ल्या कशा घडवल्या, हे त्यांनी दाखवले. शेजाऱ्याला इजा पोहोचू नये, त्याच्या घराच्या आत नजर जाऊ नये, दार समोरच्या दारासमोर येऊ नये, बंद गल्ली तिथे राहणाऱ्यांच्या सामायिक मालकीची असावी, रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर ती सात हात धरावी, असे हे नियम आहेत. यांत संपूर्ण शहराचे चित्र कोठेच नाही. आहे तो फक्त शेजारी. तरीही त्यातून ओळखू येईल असे शहर घडले. तळातून वर वास्तुरचनेचा यापेक्षा स्पष्ट दाखला वर्गात देणे कठीण आहे.

येथे एक सोपा क्षेत्र-उपक्रम शक्य आहे. बीदरच्या जुन्या शहरात चौबाऱ्यापासून चार दिशांना जाणारे रस्ते आणि त्यांच्या आतल्या गल्ल्या यांची तुलना विद्यार्थ्यांच्या गटांनी करावी. किती दारे समोरासमोर आहेत, गल्ली कोठे अरुंद होते, खिडकी किती उंचीवर आहे, हे मोजावे आणि या मोजमापांमागे कोणता नियम असू शकेल ते लिहावे. पूर्वजांचे गुणगान करण्यापेक्षा या मोजमापातून विद्यार्थ्याला अधिक मिळेल.

पहिला उपक्रम : चिंचोके आणि फासा

प्रचलित उपक्रमांपैकी सर्वांत प्रसिद्ध उपक्रमाचे मूळ मिचेल रेझ्निक यांच्या १९९४ च्या ग्रंथात आहे. संगणकाच्या पडद्यावरील वाळव्या लाकडाचे तुकडे गोळा करतात असा तो खेळ होता. वर्गात तो फरशीवर खेळता येतो. खडूने आठ बाय आठ घरांचा पट आखावा. सोळा घरांत एकेक चिंचोका ठेवावा. चार विद्यार्थी वाळव्या होतात. प्रत्येकाची एक सोंगटी असते आणि ती फाशाने ठरलेल्या दिशेला एकेक घर सरकते. नियम दोनच. हात रिकामा असताना चिंचोक्याच्या घरात आल्यास एक उचलावा. हातात चिंचोका असताना दुसऱ्या चिंचोक्याच्या घरात आल्यास तो तेथे ठेवावा. उचलल्यानंतर किंवा ठेवल्यानंतर सोंगटी एक घर पुढे गेल्याशिवाय दुसरी कृती नाही.

कोणीही ‘ढीग करा’ म्हटलेले नसते, तरी हळूहळू ढीग होतात. विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते आणि उपक्रम बहुधा येथेच संपवला जातो. त्याचा पहिला दोष हाच. आश्चर्य ही शिकण्याची सुरुवात आहे, शेवट नाही. ढीग का झाले, हे विचारलेच पाहिजे. उत्तर फार अवघड नाही. चिंचोका ठेवायची परवानगी फक्त आधीच भरलेल्या घरात आहे. त्यामुळे भरलेल्या घरांची संख्या कधीच वाढू शकत नाही. एखादे घर रिकामे झाले की ती कमी मात्र होते. घट एकाच दिशेने होत राहिल्यावर ढीग होणारच. एवढे स्पष्टीकरण विद्यार्थ्याने स्वतः शोधले, तर गणिती विचाराची मोठी पायरी तो चढला असे म्हणता येईल.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. हा उपक्रम नियमाकडून आकाराकडे जातो. नियम अध्यापकाने दिला, आकार आपोआप आला. रचनाकाराचे काम याच्या उलट असते. त्याला हवा तो आकार माहीत असतो आणि तो देणारा नियम शोधायचा असतो. उलट दिशेचा हा प्रवास ज्या उपक्रमात नाही, तो निसर्गाचे निरीक्षण शिकवील. रचना शिकवणार नाही. प्रचलित उपक्रमांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा उपक्रम : काडेपेट्यांची भिंत

उलट दिशेचा प्रवास काडेपेट्यांच्या भिंतीतून घडवता येतो. टेबलावर दहा पेट्यांची एक सरळ रांग लावावी. गटातील प्रत्येकाने पाळीपाळीने एक पेटी ठेवायची. बोलायचे नाही. नियम एकच : दोन शेजारी पेट्यांच्या सांध्यावर, मधोमध, पेटी ठेवावी. दुसऱ्या थरात नऊ, तिसऱ्यात आठ असे होत भिंत त्रिकोणी होते आणि एकूण ५५ पेट्यांवर थांबते. सुरुवात कोणी कोठून केली याने काहीही बिघडत नाही. शेवट तोच येतो. ‘टर्मीस’मधील यंत्रांना जो विश्वास लागतो, तो हाच आहे.

आता खरा प्रश्न द्यावा : त्रिकोण नको, पाच थरांची आयताकृती भिंत हवी. नियम बदला.

बहुतेक गट आधी टोकाची पेटी अर्धी बाहेर काढून ठेवून पाहतील. पेटीचा गुरुत्वमध्य तेव्हा बरोबर आधाराच्या कडेवर येतो आणि बोट लागताच ती पडते. पटावरच्या खेळात हा धडा मिळत नाही. चिंचोक्याला वजन असून नसल्यासारखे असते. भिंतीला ते असतेच. स्थापत्याचा नियम शेजाऱ्याबरोबर गुरुत्वाकर्षणाशीही प्रामाणिक असावा लागतो.

मग अर्धी पेटी सुचते. गवंडी टोकाला अर्धी वीट लावतो, हे कोणीतरी घरी पाहिलेले असतेच. नवा नियम लिहिला जातो : ‘ज्या पूर्ण पेटीला एका बाजूने शेजारी नाही, तिच्या त्या बाजूच्या अर्ध्या भागावर अर्धी पेटी ठेवा.’ नियम बरोबर वाटतो, पण राबवताना फसतो. थर अपुरा असताना मधल्या पेटीलाही काही काळ शेजारी नसतो. तेवढ्या वेळात एखादा विद्यार्थी नियम पाळूनच भिंतीच्या मध्यावर अर्धी पेटी ठेवतो आणि पुढचे सगळे सांधे चुकतात. चूक कोणाचीच नसते. अपुरी भिंत आणि भिंतीचे टोक यांतला फरक नियमाला ओळखता येत नव्हता.

हा क्षण सर्वांत मोलाचा आहे. अध्यापकाने येथे उत्तर सांगू नये. गटाला उपाय सापडतो तो साधारण असा : पायाच्या दोन्ही टोकांच्या पेट्यांवर खडूची खूण करायची. खूण असलेल्या पूर्ण पेटीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावरच अर्धी पेटी ठेवायची आणि तिच्यावरही खूण करायची. त्या अर्ध्या पेटीवर, तिच्या आणि शेजारच्या पेटीच्या सांध्यावर, पुढच्या थरातील पूर्ण पेटी बसते, तिच्यावरही खूण. टोक कोठे आहे ही माहिती अशी थरामागून थर वर जाते आणि कोणालाही संपूर्ण भिंत पाहावी लागत नाही. ‘थांबायचे कधी’ हा प्रश्नही याच मार्गाने सुटतो. प्रत्येक पेटीवर खालच्या पेटीपेक्षा एकाने मोठा अंक लिहायचा आणि पाच आल्यावर त्यावर काही ठेवायचे नाही. पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या थरात दहा-दहा पूर्ण पेट्या, दुसऱ्या व चौथ्या थरात नऊ पूर्ण व दोन अर्ध्या, अशी भिंत उभी राहते.

यात एकही मोटार नाही. म्हणून हे रोबोटिक्स नव्हे, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु संवेदन, निर्णय आणि कृती या तिन्ही पायऱ्या विद्यार्थ्याने येथे वेगळ्या ओळखल्या आहेत. यंत्राला काय दिसले पाहिजे? खूण आणि अंक. त्याने काय ठरवले पाहिजे? ठेवावे की पुढे जावे. त्याने काय केले पाहिजे? एक पेटी ठेवणे. हा कागद तयार असेल तर संवेदक आणि मोटार जोडणे ही नंतरची पायरी ठरते. कागद तयार नसताना महागडा संच आणला, तर विद्यार्थी चित्र पाहून जोडणी करतो. त्या जोडणीचे चित्र संच तयार करणाऱ्याकडे असते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त हात येतात.

ज्या महाविद्यालयांत थोडी साधने आहेत, तेथे जाळीचा उपक्रम पुढे घेता येईल. पॅरिसमधील अरब जगत संस्थेच्या इमारतीवर (१९८७) ज्याँ नूव्हेल यांनी पारंपरिक जाळीच्या धर्तीवर प्रकाशानुसार उघडझाप करणारे झरोके बसवले. प्रकाशसंवेदक आणि छोटी मोटार जोडलेली पुठ्ठ्याची एक पट्टी प्रत्येक गटाने करावी. कलबुर्ग्याच्या उन्हाळ्यात तिची परीक्षा घेण्यासाठी खिडकीबाहेरचे ऊन पुरेसे आहे. प्रत्येक पट्टीने आपल्यापुरता प्रकाश मोजायचा की शेजारच्या पट्टीची स्थितीही पाहायची, या एका निवडीने संपूर्ण खिडकीचे वर्तन बदलते.

नियमाची भाषा

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही प्रदेशातील वर्गाला लागू पडेल. सीमाभागात त्यात आणखी एक पदर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे (आजच्या महाराष्ट्राकडे) गेले. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) आले. आजच्या वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमांतून आलेले विद्यार्थी एकाच बाकावर बसतात आणि आपसांत बहुधा दखनीत बोलतात. अशा गटात नेहमीचे गटकार्य कसे होते, हे अध्यापकांना ठाऊक आहे. ज्याला इंग्रजी येते तो गटप्रमुख होतो, तोच ठरवतो, तोच सादर करतो. इतरांच्या वाट्याला कापणे, चिकटवणे येते. उपक्रमाचे नाव ‘तळातून वर’ असते आणि गटाची रचना मात्र पूर्णपणे ‘वरून खाली’ असते.

न बोलता करायचा भिंतीचा उपक्रम ही उतरंड काही काळ मोडतो. पेटी ठेवायला इंग्रजी लागत नाही. ठेवलेली पेटीच पुढच्याशी बोलते. उर्दू लिपीची सवय असलेला विद्यार्थी उजवीकडून सुरुवात करील, मराठी-कन्नड वाचणारा डावीकडून. पाया आधीच लावलेला असल्याने दोघांच्या पेट्या मध्यावर बरोबर जुळतात. क्रमाविषयी एकमत झालेले नसतानाही भिंत जुळते, हा अनुभव कोणत्याही व्याख्येपेक्षा प्रभावी आहे.

मात्र हे मौन कायमचे ठेवणे चुकीचे होईल. नियम बदलायचा म्हणजे तो लिहावा लागतो, आणि लिहिताना भाषा येते. येथे प्रत्येक गटाने आपल्या सोयीच्या भाषेत नियम लिहावा, तो दुसऱ्या भाषेत करून दुसऱ्या गटाला द्यावा आणि त्या गटाने एकही प्रश्न न विचारता तो शब्दशः राबवावा. दोष लगेच उघड होतात. ‘खाली जागा असेल तर पेटी ठेवा’ असा नियम घेऊ. मराठी विद्यार्थी ‘खालची जागा’ असे समजेल. उर्दू आणि कन्नड बोलणाऱ्याच्या कानाला ‘खाली’ म्हणजे रिकामी. बोली मराठीतही ‘खाली’चा हा अर्थ आहे, म्हणजे एकाच भाषेच्या आतही संदिग्धता आहे. एक जण तळाला जागा शोधेल, दुसरा मोकळी जागा दिसेल तेथे पेटी ठेवील. भिंतीच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे.

दुसरे उदाहरण ‘बाजू’चे. दखनीत ‘बाजू में रखो’ म्हणजे लगत ठेवा. मराठीत ‘बाजूला ठेव’ म्हणजे बहुतेक वेळा दूर सारून ठेव. एकाच शब्दाने एक विद्यार्थी पेटी जोडतो आणि दुसरा ती काढून घेतो. ‘जवळ’ किती जवळ, ‘मधोमध’ म्हणजे कोणाच्या मधोमध, ‘वर’ म्हणजे टेकवून की नुसते उंचावर, असे प्रश्न एकामागून एक येतात. यंत्राला संदिग्ध शब्द चालत नाही, हे वाक्य पाठ करून कळत नाही. आपल्याच शब्दाने दुसऱ्याची भिंत पडली की कळते.

यावरून एक निष्कर्ष ठामपणे मांडता येतो. स्थापत्य रोबोटिक्सचा हा भाग केवळ तंत्रविषयाच्या अध्यापकाचा नाही. नियम नेमका लिहिणे आणि त्याचे नेमके भाषांतर करणे हे भाषाविषयाचे काम आहे. भाषांतराचा असा तास, ज्यात चुकीचा परिणाम पाच मिनिटांत टेबलावर दिसतो, भाषेच्या अध्यापकालाही सहसा मिळत नाही. बहुभाषिक वर्ग ही एरवी अडचण मानली जाते. येथे तीच नियमाची कसोटी घेणारी प्रयोगशाळा ठरते.

मूल्यमापन

उपक्रम कितीही चांगला असला तरी गुण कशाला मिळतात यावर विद्यार्थ्याचे लक्ष असते. प्रचलित पद्धतीत तयार प्रतिकृती आणि सादरीकरण यांना गुण मिळतात. त्यामुळे गट अंतिम चित्राकडे धावतो. नियम मोडून, हाताने सारखे करून भिंत ‘सुबक’ दाखवतो. म्हणजे जे शिकवायचे होते नेमके तेच मूल्यमापनात नष्ट होते.

यावर तीन बदल सुचवता येतात. पहिला, गुण प्रतिकृतीला न देता नियमाच्या कागदाला द्यावेत : पहिला मसुदा, तो कोठे फसला याची नोंद आणि सुधारलेला मसुदा. दुसरा, दुसऱ्या गटाने तो नियम शब्दशः राबवल्यावर काय उभे राहिले, हे परीक्षेचे मुख्य साधन असावे. तिसरा, गटप्रमुख नेमू नये. नोंदीची वही दर फेरीला दुसऱ्या हाती जावी आणि ती ज्याच्या हाती असेल त्याने आपल्या भाषेत लिहावे. अध्यापकाला सर्व लिप्या येत नसतील तर सहकाऱ्याची मदत घ्यावी लागेल. हे काम वाढवणारे आहे, हे मान्य करावे लागेल.

समारोप

तळातून वर रचनेचे गटउपक्रम टाकाऊ नाहीत. ते अर्धवट आहेत. नियमातून आकार कसा येतो हे दाखवून ते थांबतात. हव्या त्या आकारासाठी नियम शोधणे हे रचनेचे खरे काम त्यांत राहून जाते. ‘थवा’ म्हणून दिली जाणारी सर्व उदाहरणे एका जातीची नाहीत आणि वारशातील वास्तूही सरसकट तळातून वर घडलेल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी चित्र कोणाजवळ होते, हे तपासायला शिकवणे हाच या विषयाचा गाभा आहे.

हा प्रश्न वर्गालाही लागू होतो. गटकार्यात चित्र नेहमी एकाच विद्यार्थ्याजवळ राहत असेल, तर उरलेल्या सात जणांनी यंत्रमानवाचे काम केले खरे, पण रोबोटिक्स ते शिकले नाहीत. दहा काडेपेट्यांची रांग, एक खडू आणि ज्याच्या-त्याच्या भाषेत लिहिलेला नियम एवढ्या साधनांवर ही स्थिती बदलायला सुरुवात करता येते. बीदर आणि कलबुर्ग्याच्या सामुदायिक महाविद्यालयांजवळ मोठ्या प्रयोगशाळा नसतील. तीन-चार भाषा बोलणारे वर्ग मात्र त्यांच्याजवळ आहेत. नियमाची परीक्षा घेण्यासाठी यापेक्षा चोख साधन विकत मिळत नाही.